एक पदर जास्त

आधीच माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस आपल्याला नीट कळलेला असावा लागतो, आणि तात्या मला नीट कळलेत असं मी म्हणणार नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटतं मला लिहिता येतं आणि कॉलेजातल्या सरांना वाटतं मला गावाकडची माणसं ठाऊक आहेत. दोघांचाही अंदाज चुकलेला असू शकतो. तरी लिहितो. काही कमीजास्त झालं तर तात्यांनी मोठ्या मनानं घ्यावं. ते तसं घेत नाहीत, पण घ्यावं.

तात्या आमचे शेजारी. आमचं गाव पलूसच्या जवळ, चहूबाजूंनी ऊस. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आल्यापासून तात्या रोज सकाळी सदरा काढून उघड्या अंगानं अंगणात उभे राहतात. डोळे मिटलेले, हात अंगापासून जरा लांब. नव्या माणसाला वाटतं काहीतरी देवाधर्माचं चाललंय. तसं काही नाही. तात्या हवा बघत असतात.

"काय करताय तात्या?" असं विचारलं की एकच उत्तर. "आंगाला इचारतोय. आंग खोटं बोलत न्हाई."

अंगाशी बोलणं आटोपलं की ते सदरा चढवतात आणि गावात ज्या घरी तान्हं मूल असेल त्या घरी जातात. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहतात, हात पाठीमागे बांधतात, आणि आज बाळाला काय घालायचं ते सांगतात. कुणी विचारलेलं नसतं.

परवाच्या फाल्गुनात माझी बहीण, आक्का, आष्ट्याहून बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि तिला मुलगा झाला. म्हणजे तात्यांना आता फार लांब जायची गरज उरली नाही.

फाल्गुन हा महिना अडचणीचा. पहाटे पाण्यातल्या उसाकडून असा गारठा येतो की चादर सोडवत नाही, आणि दुपारी पत्रा असा तापतो की चादर बघवत नाही. आईनं यावर सोपा उपाय काढला होता. पहाटे बाळाला जे घालायचं, ते दिवसभर ठेवायचं. झबलं, त्यावर स्वेटर, डोक्याला टोपरं, टोपऱ्यावर कुंची, हातापायांत मोजे, आणि हे सगळं दुपट्यात गुंडाळलेलं. आत कुठेतरी माझा भाचा होता. त्याचं नाक तेवढं दिसायचं, तेही लाल.

"वैनी, पोराला मोकळं करा! भर दुपारचा विंटर ड्रेस घालून ठिवलाय!" तात्या उंबऱ्याबाहेरून ओरडले.

आई म्हणाली, "गारठा लागंल की वो त्येला."

"तुमाला लागतोय काय?"

"मला कशाला लागतोय ह्या उनात?"

"मग त्येला कसा लागंल? तुमी एका लुगड्यावर हाय न्हवं? त्येला एक झबलं आन वरनं एक पातळ दुपटं. आपल्यापेक्षा एक पदर जास्त, बास! आन घरात टोपरं कशाला? पोरगं काय शीमेवर निघालंय?"

आईनं बाळाचे पाय चाचपले. "पाय गार हायत बगा."

"हातापायावर जाऊ नका, ते गारच असत्यात. मानंमागं हात लावा. मान घामजली आसंल तर एक काडा. गार लागली तर एक चढवा. हिशोब संपला."

"आमी काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" आईनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यो येवढा घोडा कुणी वाढवला?"

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणूनच सांगतोय," म्हणाले.

त्या दिवशी स्वेटर निघाला, टोपरं निघालं, मोजे निघाले. भाचा पहिल्यांदा दुपारभर झोपला. पण आईनं हे तात्यांसमोर कबूल करणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते आले की ती मुद्दाम एक जादा दुपटं बाळाशेजारी ठेवायची. घालायची नाही, नुसतं दिसेल असं ठेवायची.

'एक पदर जास्त' या शब्दांनी एकदा मोठा घोटाळा केला. वरच्या आळीत सांगलीची सून आली आहे. बाळंत झाल्यापासून ती घरात गाऊन घालून असायची. तात्या दारात जाऊन म्हणाले, "आपल्यापेक्षा एक पदर जास्त पायजे!" तात्यांच्या भाषेत पदर म्हणजे कपड्याचा थर. तिला वाटलं, म्हातारा आपल्या गाऊनवर बोलतोय. तिनं रडत रडत नवऱ्याला फोन केला, मग लुगडं नेसली आणि डोक्यावर पदर घेऊन बसली. तिकडे बाळ होतं तसंच उघडं. सासू मात्र एवढी खूश झाली की तात्यांना चहा पाजल्याशिवाय सोडेना. तात्यांना शेवटपर्यंत कळलं नाही चहा कशाचा होता ते.

लोक हसायचे. पारावरची माणसं विचारायची, "काय तात्या, आज किती पदर? आमाला बी सांगा की, म्हशीला झूल घालू का नगं?" तात्या रागवायचे नाहीत. म्हणायचे, "फौजेत वरनं हुकूम आला की विंटर ड्रेस. मग भाईर ऊन पडूंदे न्हाईतर आग लागूंदे. तुमी बी पोरास्नी तसंच करताय. पोरगं बोलत न्हाई म्हणून त्येच्यावर हुकूम चालवायचा व्हय रं?"

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. तात्या कुठल्याच बाळाला हात लावत नाहीत. मानेला हात लावा म्हणतात, तो दुसऱ्यानं लावायचा. त्यांचे हात पाठीमागेच.

एका दुपारी आई दमली होती. तात्या दारात आले, आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "तात्या, सवताच्या पोरीला किती पदर घातलं हुतं वो तुमी?"

तात्या म्हणाले, "ती जन्मली तवा मी बर्फात हुतो, वैनी. सुट्टी घावून आलो तवा ती पळत हुती. मला बगून आईमागं जाऊन दडली."

एवढं बोलून ते निघून गेले. आईनं त्या दिवशी तव्यावरच्या दोन भाकरी जाळल्या.

तात्यांची मुलगी शोभा. गावाचे ते तात्या असले तरी ती त्यांना आबा म्हणायची. तिची आई वारल्यावर ती साताऱ्याला शिकायला गेली आणि तिथंच आपल्या पसंतीनं तिनं लग्न केलं. तात्या लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर बापलेकीचं बोलणं नाही. यंदा कुणाकडून तरी कळलं की शोभाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तात्यांनी मधली खोली रंगवून घेतली. खिडकीला जाळी बसवली. मग भाड्याची गाडी करून पुतण्याला मुराळी म्हणून साताऱ्याला पाठवलं. लेकीला माहेरी न्यायला जो जातो, तो मुराळी.

गाडी रिकामी परत आली.

"काय म्हणाली?" तात्यांनी विचारलं. आम्ही कुंपणाशी उभे होतो.

पुतण्या खाली बघत म्हणाला, "ताई म्हणली, मला न्यायला तू कशाला आलास?"

तात्या म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "न्हाई म्हणली म्हणायची." आम्हीही सगळ्यांनी तसंच धरलं.

त्यानंतर काही दिवसांनी तात्या आमच्याकडे आले. या वेळी ओरडले नाहीत. चपला काढल्या आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले. आई बाळाला अंघोळ घालून पुसत होती.

"वैनी," ते म्हणाले, "कुंची कशी बांधत्यात, दावाल काय? मला बोलाय येतं. बांधाय येत न्हाई."

आईच्या ओठांवर टोमणा आलेला मी बघितला. तिनं तो गिळला. "बसा खाली. मांडी घाला. डोक्याखाली हात द्या, मान सांबाळा."

तात्यांच्या मांडीवर बाळ आलं. त्यांनी श्वास रोखून धरला होता. कपाळावरून घाम निथळत होता आणि बंदाची टोकं एकमेकांना भेटेनात. शेवटी एकदाची गाठ बसली.

"आवं, ही काय वळकटी हाय?" आई ओरडली. "हनुवटीखाली दोन बोटं शिरली पायजेत!"

तात्यांनी गाठ सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. बाळ त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. रडलं नाही.

"आता कशाला शिकताय हे?" आईनं हळूच विचारलं.

"घरात बाईमाणूस न्हाई," तात्या बाळाकडे बघतच म्हणाले. "पोर आलीच एखांद्या वक्ताला, तर कोण करणार? लोकं म्हणतील, माहेर हाय कुटं हितं? म्हणून म्हणलं, शिकून असावं."

मग ते रोज येऊ लागले. महिनाभरात त्यांना लंगोट बदलता येऊ लागला, तेल लावता येऊ लागलं. आक्का सासरी आष्ट्याला गेली, तेव्हा बाळाला गाडीत द्यायचं काम तात्यांनी केलं. गाडी गेल्यावर ते बराच वेळ रस्त्यावरच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज ऐकू येईना. आई म्हणाली, "भांडायला बी कोन न्हाई आता."

काल संध्याकाळी आईचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. आईनं पदर तोंडाला लावून सगळं ऐकून घेतलं. मग फोन माझ्या हातात कोंबला आणि ती अनवाणीच कुंपणाकडे धावली. तात्या खाटेवर शेंगा निवडत बसले होते.

"तात्या, आवं तात्या! साताऱ्यास्नं शोभाचा फोन हुता. पोरगी झाली तिला. दोगीबी खुशाल हायत. सव्वा म्हैना झाला की माहेराला येती म्हणली. आन म्हणली, काकू, त्येंला सांगा, तवा मी तेवढंच इचारलं हुतं, की मला न्यायला तू कशाला आलास, आबा का न्हाई आलं?"