गाडीला कळता कामा नये

आमचे शेजारी अण्णा काटकर फ्रिजवर पाळत ठेवतात. त्यांचा फ्रिज मधूनमधून बंद पडतो. म्हणून दुपारी चपला काढून, भिंतीला चिकटून ते स्वयंपाकघरात शिरतात आणि एकदम दार उघडतात. फ्रिज चालू असला की हिरमुसतात. "लबाड आहे. मी आलो ते कळलं त्याला."

अण्णांचं म्हणणं असं, की बिघाड जाणकाराला लाजतो. डेंटिस्टच्या खुर्चीत दाढ दुखायची थांबते, प्लंबर आला की नळ गळत नाही. "समोर सगळे शरीफ असतात, शुभा! रंगे हाथ पकडायचं असतं." सगळा जन्म ग्वाल्हेरात गेलेला, त्यामुळे अण्णांचं मराठी कुठे हिंदीत शिरेल याचा नेम नाही. माझंही काही वेगळं नाही म्हणा, पण निदान मी फ्रिजशी भांडत नाही.

त्यांची जुनी पिकअप तर अट्टल गुन्हेगार. मधूनच तिचा ब्रेक जायचा, पेडल थेट तळाला. कंपू भागातल्या रफीक मिस्त्रीकडे नेली की ब्रेक कडक! रफीकने तेल बदललं, लायनर बदलले, शेवटी हात जोडले. "अण्णाजी, गाड़ी में कुछ नहीं है."

परवा ती किला गेटजवळ एका हातगाडीला जाऊन टेकली. नशीब, फुटली ती टरबुजं. अण्णांची मुलगी मेधा सिटी सेंटरला बँकेत आहे. ती संध्याकाळी तणतणत आली. "बस हो गया, बाबा! रविवारी कबाडी येतोय. गाडी भंगारात. कुठे जायचं असेल तर माझी कार आहे ना!"

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "शनिवार आहे अजून." चेहरा इतका उतरला होता की मला चेष्टा करवेना. एका खटाऱ्यासाठी माणसाने एवढं कासावीस व्हावं?

शनिवारी सकाळी दारात हजर, तोंडावर बोट. मला गल्लीच्या टोकाला नेऊन कुजबुजले, "पिशवी घेऊन चल. गाडीला वाटलं पाहिजे, आपण भाजीला चाललोय."

"आणि रफीक?"

"पीछे. चादरीखाली."

खरंच की हो! मागच्या हौद्यात चादर पांघरून मिस्त्री पालथा पडलेला, एक चप्पल बाहेर. हँडब्रेक शाबूत होता आणि रस्ता सपाट, म्हणून मी बसले. अण्णांनी स्टिअरिंगवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला बुवा, भेंडी घेऊ!"

लष्कर बाजारात फेऱ्यांवर फेऱ्या. दर दहा पावलांवर ब्रेक. मागून रिक्षावाले शिव्या घालताहेत, मी देवाचा धावा करतेय आणि अण्णा मजेत शीळ घालताहेत. कंपूत शिरलो तसा जळका वास आला. अण्णांनी पेडल दाबलं, ते खाली बसलं. त्यांनी हँडब्रेक खसकन ओढला, गाडी थांबली, आणि हे गृहस्थ खिडकीतून ओरडले, "रफीक, ऊठ! पकडली!"

चादरीतून रफीक उठला तेव्हा शेजारचा केळीवाला किंचाळला. रफीकने एकेका चाकाजवळ हात नेला आणि पुढच्या डाव्या चाकापाशी "हाय अम्मा!" करून बोटं तोंडात घातली. जॅक लावला. चाक हलेना. पेडलवरून पाय केव्हाच काढलेला, तरी हे आवळलेलंच! रफीकने चाकामागचा छोटा स्क्रू सैल केला, तापलेलं तेल चिळकांडीने उडालं आणि चाक गरगर फिरलं.

"पाइप अंदर से फूल गया है," रफीक म्हणाला.

"पाइप फुललाय!" अण्णांनी गर्दीला मराठीतून जाहीर केलं.

"सुजलाय म्हणा, अण्णा. मोगरा आहे का तो फुलायला?"

पण ऐकतो कोण! चाकाकडे जाणारा रबरी पाइप आतून सुजला होता. दाबलं की तेल पुढे जायचं, पण परत येईना. मग ब्रेक लागलेलाच राहायचा, चाक तापायचं, तेल उकळायचं आणि पेडल बसायचं. गॅरेजात पोचेपर्यंत सगळं थंड, म्हणून ठणठणीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. केळीवाल्यानेसुद्धा.

सगळे पाइप नवे बसले. हॉर्न वाजवत वरात घरी आली. रविवारी मेधाने स्वतः गाडी फिरवून, ब्रेक दाबून पाहिले, "मान गई, बाबा!" म्हणाली आणि कबाडीला चहा पाजून वाटेला लावलं.

संध्याकाळी अण्णांनी हौद्याला फळी लावली आणि व्हीलचेअरवरून मेधाच्या आईला, आमच्या काकूंना, बाहेर आणलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकू फारशा दिसत नाहीत. मेधा धावली. "कारमध्ये बसवू ना! मी आणि शुभाताई उचलतो."

"उचलायचं नाही." अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "कुणी उचललं की ती रडते. तिथे नाही. घरी आल्यावर, भिंतीकडे तोंड करून. या गाडीत कुणाला तिला हात लावावा लागत नाही. आपल्या खुर्चीत बसून जाते."

मेधानेच खुर्ची फळीवरून वर ढकलली. पट्ट्यांनी खुर्ची घट्ट बांधून आम्ही दोघी काकूंच्या दोन बाजूंना बसलो. अण्णांनी गाडी अशी हळू काढली, की सायकलवाले पुढे जायला लागले. काकू मान वर करून किल्ला बघत होत्या, पदर वाऱ्यावर.

एवढ्यात काकूंनी चांगल्या हाताने केबिनची काच ठोठावली. गाडी जागच्या जागी थांबली. अण्णा धावत मागे आले. "काय झालं? दुखतंय का?"

काकूंचे शब्द अजून अडखळतात. "ब्रेक... लागतो ना?"

"एकदम बढिया!"

"मग जरा... जोरात चालवा की!"