अक्काचा चढ आणि हवेचं लॉक

ज्या वर्षी साहेबांच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लेक दोन्ही बाळं घेऊन माहेरी राहायला आली होती. एक झोपलं की दुसरं उठे. घरात कोणाचीच झोप पुरी होत नव्हती, आणि झोप पुरी झाली नाही की साहेबांना प्रतिज्ञा सुचत.

"अक्काच्या दारात जीप उभी करून दाखवली नाही, तर माझं नाव बदला!"

"कोणतं ठेवू?" बायकोने बाळाचा लंगोट पिळता पिळता विचारलं.

साहेब म्हणजे रस्ते खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या दारापर्यंत डांबर नेलं. पण थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर होतं टेकडीवर, आणि तिच्या घराचा चढ कच्चा तो कच्चाच राहिला. नोकरीत असताना साहेब म्हणत, "सख्ख्या बहिणीचा रस्ता आधी केला तर लोक काय म्हणतील?" मग करू, मग करू म्हणता म्हणता ते निवृत्त झाले. अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमचा बाळ्या रस्ते बांधायचा. कुठे ते मात्र विचारू नका."

अक्काचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यावर मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं तर नजर वाचेल. आणखी लांबवलंत तर मी काही सांगू शकत नाही." मागच्या खेपेला तिला आणायला भाड्याची गाडी पाठवली, तर ती चढावर रुतली आणि पेशंट म्हणून निघालेल्या अक्कालाच उतरून ढकलावी लागली! ती तशीच चिखलाच्या पायांनी घरी परतली आणि तिने जाहीर केलं, "यापुढे गाडी माझ्या उंबऱ्याशी लागली तरच मी येईन. पाऊलभर चालणार नाही."

म्हणून साहेबांनी जुनी जीप घेतली. जीप चढावर अर्ध्यापर्यंत गेली आणि एक चाक जागच्या जागी गरगरा फिरवत बसली.

"डिफरन्शियल," मिस्त्री म्हणाला. जीपखाली झोपूनच बोलायची त्याला सवय होती. लोक त्याच्या चपलांशी बोलत. "मागच्या दोन चाकांच्या मध्ये हा गोळा आहे ना, तो. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ती सोय हा करतो. पण चिखलात एक चाक सटकलं, की सगळी ताकद हा त्या सटकलेल्यालाच देतो. जे जमिनीला धरून उभं आहे, त्याला काही नाही."

साहेबांनी घरी येऊन हे ज्ञान बायकोला दिलं.

"म्हणजे जो नुसता जागेवर फिरतो, त्याचेच सगळे लाड!" बायको म्हणाली. "मग नवीन काय त्यात? तुम्ही निवृत्त झाल्यापासून आपल्या घरात हेच चाललंय."

उपाय एकच होता. दोन्ही चाकांना एकत्र बांधणारं लॉक बसवायचं. पण लॉकं निघाली चार तऱ्हेची! झालं, साहेबांनी जेवण सोडलं नाही एवढंच, बाकी सगळं सोडलं. सकाळी दाढी करताना एक लॉक पसंत पडे, तोंड पुसेपर्यंत दुसरं.

पहिलं सगळ्यांत स्वस्त. गोळा सरळ वेल्डिंग करून टाकायचा, की दोन्ही चाकं कायमची एक. साहेबांना ते फार आवडलं. खात्री करून घ्यायला म्हणून त्यांनी जुळ्यांच्या बाबागाडीची मागची दोन्ही चाकं तारेने दांड्याला घट्ट आवळली. बायकोने दोन बाळं झोपवून गाडी ओसरीतून खोलीकडे वळवली. गाडी वळेना! बायकोने जोर लावला. गाडी नाकासमोर चालत कपाटावर धडकली, कपाटावरची पितळी घागर खाली आली, आणि दोन्ही बाळांनी मिळून असा भोंगा लावला की शेजारचे लोक विचारायला आले.

"वेल्डिंग नको," साहेब म्हणाले.

"मला माहेरी जायचंय," बायको म्हणाली.

दुसरं लॉक आपोआप लागणारं. चाक सटकलं की आपणच धरतं, वळणावर आपणच सोडतं. एका खडीवाल्या कंत्राटदाराच्या गाडीला ते होतं. साहेब त्यात बसून आले. प्रत्येक वळणावर खालून खाड! खाड! कोणी तरी फरशीवर घण घालतंय असं. साहेबांच्या डोळ्यांपुढे अक्का उभी राहिली. पहिल्या खाडला ती दार उघडून उडी मारणार, यात शंका नव्हती.

तिसऱ्यात आत चकत्या असतात. एक चाक फार सटकू लागलं की त्या त्याला थोडं आवरतात.

"थोडं म्हणजे किती?" साहेबांनी चपलांना विचारलं.

"थोडं म्हणजे थोडं," चपला म्हणाल्या. "चाक अगदी अधांतरी गेलं, तर मग फारसं नाही."

"म्हणजे आमच्या खात्यासारखं," साहेब म्हणाले. "अडचण लहान असेल तर मदत करणार."

राहिलं चौथं. हे हवेवर चालणारं. समोर एक बटण, बॉनेटखाली हवा दाबून भरणारा छोटा कॉम्प्रेसर. बटण दाबलं की नळीतून हवा जाते आणि लॉक लागतं, तांबडा दिवा पेटतो. हवा काढली की सुटतं. साहेबांच्या अंगावर रोमांच आले. नोकरीभर त्यांनी सह्या केल्या, शिक्के मारले, पण जे दाबल्याबरोबर काही तरी घडतं असं एकही बटण त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. "हेच!" ते ओरडले. मिस्त्री दचकून वर आला आणि त्याचं डोकं जीपला आपटलं.

लॉक बसलं. मैदानातल्या चिखलात जीप म्हशीसारखी आत शिरली आणि म्हशीसारखीच निवांत बाहेर आली. साहेब रस्त्याने जाताना ओळखीच्या माणसांना थांबवून तांबडा दिवा दाखवू लागले.

इथे मेहुणे आले. साहेबांच्या बायकोचे थोरले भाऊ, निवृत्त बस ड्रायव्हर. गाडीला ब्रेक नसला तरी चालेल पण हॉर्न पाहिजे, अशा मताचे. त्यांनी जीपचा हॉर्न वाजवून पाहिला. जीपने करडासारखं बें केलं.

"दाजी, हा हॉर्न आहे की उचकी? चढावर सगळी आंधळी वळणं!"

दुसऱ्या दिवशी साहेब जुळ्यांना फिरवायला गेले असताना मेहुण्यांनी बॉनेट उघडलं. आत कॉम्प्रेसर दिसला. एवढी हवा, आणि एका लॉकपायी नुसती पडून! त्यांनी भंगारात गेलेल्या आपल्या बसचा पितळी भोंगा आणला, लॉकच्या नळीला फाटा काढला आणि जोडून टाकला. साहेब परत आले तेव्हा मेहुण्यांनी हॉर्नचं बटण दाबलं. भोंऽऽऽ! दोन्ही बाळं ओरडायची विसरली. साहेबांनी मेहुण्यांना मिठीच मारली.

अक्काला आणायचा दिवस उजाडला. आदल्या आठवड्यात पाऊस झोडपून गेला होता आणि चढ लोण्यासारखा झाला होता. साहेब स्टिअरिंगपाशी, मेहुणे शेजारी, बायको मागे. चढाच्या पायथ्याशी दूधवाला सायकल हातात धरून चालला होता. "आधी तुम्ही जा साहेब," म्हणून तो मागे राहिला. त्याचं पुढे फार वाईट झालं.

साहेबांनी बटण दाबलं. टक! तांबडा दिवा. दोन्ही चाकांनी चिखलात दात रोवले आणि जीप चढू लागली.

"बघा!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात निवड!"

"वळण, दाजी! हॉर्न!"

भोंऽऽऽ! दिवा गेला. एक चाक गरकन फिरलं, चिखलाचा एक फवारा दूधवाल्याच्या सदऱ्यावर गेला, आणि जीप मागे घसरू लागली.

"अहो, मागे माणूस आहे!" बायको ओरडली.

मागे माणूस आहे म्हटल्यावर हॉर्न देणार नाही तो ड्रायव्हर कसला! भोंऽऽऽ! भोंऽऽऽ! जीप आणखी घसरली. दूधवाला सायकलसकट उतारावर पळत सुटला. पायथ्याला जीप थांबली. बॉनेटखाली कॉम्प्रेसर घरघरला, हवा भरली, टक! दिवा लागला. पुन्हा चढाई. पुन्हा तेच वळण. पुन्हा भोंऽऽऽ!

"साहेब, हॉर्न कशाला?" खालून दूधवाला ओरडला. "मी दिसत नाही का तुम्हाला? आता तर मी सगळ्यांत जास्त दिसतोय!"

असं किती वेळा झालं हे साहेब पुढे कधी नीट सांगत नसत. खाली-वर, खाली-वर. वर जाताना साहेब स्वतःला जगातला सर्वांत हुशार माणूस समजत आणि खाली येताना मेहुण्यांना सर्वांत मूर्ख.

"आपोआप लागणारं घ्यायला हवं होतं," मेहुणे म्हणाले.

"चकत्यांचं घेतलं असतं तर निदान थोडं तरी—"

"वेल्डिंगच बरं होतं! नाही वळली तर नाही वळली!"

"तुम्हीच तर म्हणालात हवेचं!" बायको मागून म्हणाली.

"मी? मी म्हणालो?" साहेबांनी संतापाने मूठ आपटली. ती नेमकी हॉर्नवर बसली. भोंऽऽऽऽऽ! जीप तिरकी झाली, मागचं चाक कडेच्या गटारात उतरलं आणि तिथेच बसली. सगळं शांत झालं. वर अक्काचं घर दिसत होतं. उद्या सकाळचं ऑपरेशन. साहेब स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

"बाळ्याऽ!"

तिघांनी वर पाहिलं. अक्का चढावरून येत होती. एका हातात काठी, दुसरा हात कडेच्या दगडांवरून चाचपत. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. साहेब धावले, घसरले, आणि उरलेलं अंतर बसूनच गेले, पण उलट्या बाजूला. अक्काच त्यांच्यापाशी येऊन पोहोचली.

"काय झालं रे? कुठे लागलं?"

"कुठे नाही अक्का. पण तू चालत का आलीस? आंधळ्या डोळ्यांनी, या चिखलात!"

"तू रडत होतास ना!" अक्का दम खात म्हणाली. "लहानपणी अस्साच गळा काढायचास. मला वाटलं, गाडीखाली गेला बाळ्या."

"तो हॉर्न होता, अक्का," मेहुणे अपराधी आवाजात म्हणाले.

"हॉर्न का असेना. पण तो वाजला की तुमच्या गाडीतलं घरघरणारं यंत्र धापा टाकतं, आणि मग चाक किंचाळतं. दर वेळेला. मी वरून ऐकत आलेय. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. दोघंजण एकाच्याच घशात बसून काय करता?"

साहेबांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी बॉनेटकडे. बायकोने आकाशाकडे. भोंगा लॉकचीच हवा पीत होता, आणि चार लॉकं तपासणाऱ्या माणसाने एक नळी तपासली नव्हती!

"बरं, सुखरूप आहेस ना? मग मी निघाले," अक्का वळली. "गाडी उंबऱ्याशी लागलेली नाही. बोलल्याप्रमाणे मी येणार नाही."

"अक्का, चालत इथवर आलीस, आता चार पावलं गाडीत बसायला काय हरकत?"

अक्का काठीने चिखल उकरत हळूच म्हणाली, "गाडी दारात यायची नाही, हे मला ठाऊक होतं रे. म्हणून तर अट घातली. डोळ्यात सुरी घालतात म्हणे. मला भीती वाटते."

साहेबांनी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगणं पाठ केलं होतं. पण तोंडातून आलं भलतंच.

"अक्का, मला पण वाटते. हे बघ हात. ही जीप मला एकट्याला खाली उतरवता यायची नाही. तू शेजारी बस."

अक्काने त्यांचा हात चाचपला. तो खरोखर थरथरत होता.

"एवढा मोठा झालास!" ती म्हणाली. "सरका हो पाहुणे, मागे बसा."

मेहुणे मागे गेले. दूधवाल्याने, आता त्याचं बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून, खांदा लावला. लॉक लागलं, हॉर्न वाजला नाही, आणि जीप पहिल्याच झटक्यात गटारातून बाहेर आली. उतारभर अक्काने एक हात साहेबांच्या गुडघ्यावर ठेवला होता आणि दुसरा पंजा हॉर्नच्या बटणावर झाकण घालावं तसा. वळणं आली की ती स्वतःच खिडकीतून ओरडे, "बाजूला व्हा रे! माझा भाऊ चालवतोय!" लोक हॉर्नपेक्षा लवकर बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ऑपरेशनच्या खोलीत गेली. थोड्याच वेळात डोळ्यावर पट्टी बांधून, नर्सचा हात धरून बाहेर आली.

"झालंसुद्धा? काहीच कळलं नाही," ती म्हणाली. "बाळ्या कुठाय?"

"ते शेजारच्या खाटेवर आहेत," नर्स म्हणाली. "तुम्हाला आत नेलं आणि ते दारातच चक्कर येऊन पडले."

डोळा उत्तम झाला. पट्टी काढल्यावर अक्काने आधी साहेबांच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं, मग खिडकीतून खाली उभी असलेली जीप बराच वेळ पाहिली.

"चार तऱ्हेची लॉकं होती म्हणतोस," ती म्हणाली. "मग एखाद्या तऱ्हेचा रस्ता का नाही केलास?"

साहेब ही गोष्ट सांगत तेव्हा इथे थांबत.

मेहुणे त्यानंतरच्या उन्हाळ्यात वारले. अक्का आणखी सहा वर्षं जगली, आणि साहेबांच्या थोरल्या लेकीच्या मुलाची दहावी झाली त्या वर्षी, थंडीत, एका बुधवारी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर वारली.