दुसरा अंतरा चालू आहे

फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली ज्योत्स्नाला वडिलांची हार्ड डिस्क सापडली. दोन पिशव्यांत गुंडाळलेली, वर रबरबँड, आणि त्यात खोचलेली आईच्या अक्षरातली चिठ्ठी : 'गाणे. हात लावू नये.'

"आई, हे फ्रीजरमध्ये कोणी ठेवलं?"

"म्या ठेवलं." इंदूबाई ओट्यापाशी भेंडी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "परवाच ठेवलं. ललितनं सांगतलं होतं."

"हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, असं ललितनं सांगितलं?"

"मंग? दोन-दोनदा सांगतलं फोनवर. म्हने मामी, आनाच्या आधी सगळं फ्रीज करा, फ्रीज केल्याबिगर आनलं तं मह्या इथं उघडनार नाही. म्या मनलं, खरं हाये. शेहेचाळीसचं ऊन हाये बाहेर, गानं नासून जाईन."

ज्योत्स्ना नाशिकहून आदल्या रात्री आली होती. येत्या रविवारी तिच्या वडिलांना, जानरावांना, जाऊन वर्ष होत होतं. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात त्यांचं शेवटचं गाणं लावायचं ठरलं होतं. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर जानराव पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर स्वतःची गाणी रेकॉर्ड करत. अकरा पूर्ण झाली. बारावं राहिलं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या गावातून पाटी घेऊन शाळेत निघालेल्या एका पोराचं ते गाणं होतं. "पयला अंतरा मह्या मायचा," जानराव तिला फोनवर सांगत, "आन दुसरा तुहा." पहिला अंतरा ज्योत्स्नानं ऐकला होता. दुसरा कोणीच ऐकला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात रोज दुपारी दोन ते चार जानराव दार लावून त्याच्यामागे बसत आणि विचारलं की म्हणत, "दुसरा अंतरा चालू हाये." वैशाखात ते गेले. अंतरा त्या डिस्कमध्ये राहिला, आणि ती आता मटारखाली होती.

ललित हा जानरावांच्या बहिणीचा मुलगा. अकोल्यात त्याचा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाची गाणी रेकॉर्ड करतो. गाणं नीट जुळवून द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. अडचण एवढीच की मामाचा प्रोग्राम जुना आणि त्याचा वेगळा. एकाचं काम दुसऱ्यात जसंच्या तसं उघडत नाही. त्यासाठी आधी प्रत्येक ट्रॅकचा आवाज आहे तसा पक्का करून घ्यावा लागतो. त्यालाच या धंद्यात फ्रीज करणं म्हणतात.

ज्योत्स्नानं त्याला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून नुसता फुसफुसल्यासारखा आवाज आला.

"हसू नकोस, ललित."

"हसून नाही राहिलो, ताई. मले रडू येऊन राहिलं. आत्ता कॉम्प्युटरले बिलकूल लावू नका. थंडीतून काढली का तिले आतून घाम सुटते. दिवसभर तांदळात ठेवा."

इंदूबाईंनी फोन आपल्याकडे ओढला. "कोनत्या तांदळात रे? नवे का जुने?"

"कोनतेही, मामी. अन् झाकन लावा. गॅसवर नोका ठेवू फक्त."

त्यात बुधवार गेला. गुरुवारी सकाळी डिस्क तांदूळ झटकून कॉम्प्युटरला लावली, तर तिनं मुकाट्यानं सगळं उघडून दाखवलं. दोघींनी श्वास सोडला. ललितनं फोनवरून कृती सांगितली : एकेक ट्रॅक फ्रीज करायचा, मग गाण्याच्या अगदी शून्य सेकंदापासून वेगळा काढायचा, म्हणजे इकडे आणल्यावर सगळे एका ओळीत बसतात. ज्योत्स्नानं वहीत लिहून घेतलं. दोन ट्रॅक निघाले. तिसऱ्याला पडदा थिजला. बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिसऱ्याला थिजला. ट्रॅक फ्रीज व्हायचे राहिले, कॉम्प्युटरच झाला. इंदूबाईंनी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला.

"हा तं गरम लागून राहिला व. तरी मी म्हनत होती."

संध्याकाळपर्यंत ज्योत्स्ना थकली. शेवटी तिनं गाणं काढायचा नाद सोडला आणि ज्या फोल्डरमध्ये जानरावांची सगळी कच्ची रेकॉर्डिंग होती, तो आख्खा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला.

शुक्रवारी दोघी अकोल्याच्या एसटीत बसल्या. पेन ड्राइव्ह इंदूबाईंच्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्यात होता. ज्योत्स्नानं एकदा डबा उघडून पाहिला. बर्फ नव्हता.

बडनेरा मागे पडलं आणि गाडी हळूहळू झोपली. खिडकीतून भट्टीची हवा येत होती. नांगरून पडलेली काळी शेतं दोन्ही बाजूंनी हलत होती, म्हणजे ऊन हलत होतं. पुढे रस्त्यावर पाणी साचलेलं दिसे आणि गाडी जवळ गेली की ते आणखी पुढे जाऊन थांबे. मूर्तिजापूरला कोणी चढलं का उतरलं, हे ज्योत्स्नाला कळलं नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा कंडक्टरसकट सगळ्या माना कलल्या होत्या. इंदूबाई तेवढ्या ताठ बसून रस्त्याकडे पाहत होत्या. वर्षभर त्यांचं असंच चाललं होतं. रात्रीसुद्धा त्या फक्त पाठ टेकत, झोप लागत नसे.

ललितच्या स्टुडिओच्या भिंतींना जाड स्पंज लावला होता. आत शिरलं की बाहेरचं अकोला एकदम बंद होई. दोघींचं पाणी पिऊन झाल्यावर त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्याकडे पाहून कपाळाला हात लावला. एकोणीस फायली होत्या. जानरावांनी त्यांना मराठीत नावं दिली होती. ती इकडे येईस्तोवर सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं झाली होती.

"मामी, मामानं नाव काय ठेवलं होतं?"

"कोनाचं?"

"जाऊ द्या. सगळं एकदम लावून पाहू."

त्यानं बटण दाबलं. शून्यापासून काढलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे जिथून कुठून सुरू व्हायचं ते सगळं एकाच क्षणी सुरू झालं. पेटी लागली, ढोलकी तिच्यावर पडली, सहा जानराव सहा ठिकाणांहून एकदम 'पाटी घेऊन निघालो मी' म्हणायला लागले, सातवे खोकत होते, आठवे कोणाला तरी सायकल सावलीत घ्यायला सांगत होते आणि नववे ओरडले, "इंदू, पंखा बंद कर!"

इंदूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा हात भिंतीकडे गेला. तिथे स्पंज होता.

"बंद कर रे," त्या ललितला म्हणाल्या. मग खाली बसत हळूच म्हणाल्या, "एवढ्या जनायले एकटी कशी पाहू मी?"

त्यानंतर एकेक फाइल ऐकून वेगळी करायचं काम सुरू झालं, आणि ते इंदूबाईंनीच केलं. ललितला पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसत होत्या, त्यांना दिवस दिसत होते. "हे नोको घेऊ, तवा सर्दी होती त्याईले." "हे भांडून बसले होते, म्हनून आवाज वर लागला." "हे चांगलं हाये. त्या दिवशी जेवायले सरगुंडे केले होते म्या." तासाभरात धृपद आणि पहिला अंतरा जागेवर बसला. ललित त्यांच्याकडे आदरानं पाहायला लागला.

शेवटी एकच फाइल उरली. सगळ्यात मोठी, चाळीस मिनिटांची.

"हा दुसरा," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं खुर्ची पुढे ओढली.

आधी दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मग पेटीचा एक सूर, लांब, हळूहळू हवा संपत गेलेला. घसा खाकरला. "दुसरा अंतरा," जानराव स्पष्ट म्हणाले. शांतता. आणि मग एक खोल, संथ, खर्जातली घरघर सुरू झाली. ती वर चढली, थोडी थांबली, शीळ घालत खाली आली आणि पुन्हा चढली.

"मामा झोपले," ललित म्हणाला.

"ह्याच्यासाठी!" इंदूबाईंनी डबा मांडीवर आपटला. "ह्याच्यासाठी म्या उन्हाळाभर दुपारी कुकर नाही लावला! शेजारच्या माणिकबाईले दारातून वापस धाडलं. त्या कुल्फीवाल्याच्या घंटीवर हात धरला म्या, भर रस्त्यात! म्हनलं, आमच्या घरी रेकॉर्डिंग चालू हाये!"

"त्या दिवशी रेकॉर्डिंगचं बटन चालूच राहिलं असन. मामानं नंतर हे गान्यातून कापलंही असन," ललित म्हणाला. "तुमी गानं बराबर काढून आनलं असतं तं हे आलंच नसतं. ताईनं कच्चा माल आनला म्हनून आलं." आणि सवयीप्रमाणे त्यानं गाण्यातली खरखर काढायचं बटण दाबलं. प्रोग्राम क्षणभर विचारात पडला, मग त्यानं घोरणं तेवढं खरखर म्हणून उचलून फेकलं. पडद्यावर सरळ रेघ राहिली.

"हे कुठी गेले?" इंदूबाईंनी विचारलं.

"साफ केलं, मामी."

"वापस आन."

त्यानं परत आणलं.

"पुढं ढकलू का जरासं? शेवटी काही असन तं..."

"ढकलू नोको. चालू दे."

मग ते चालू राहिलं. ज्योत्स्ना पडद्यावरची रेघ पाहत होती : एक डोंगर, एक सपाटी, एक डोंगर. तो अंतरा नव्हताच, हे तिनं मनाशी एकदा नीट म्हणून पाहिलं. दहाव्या मिनिटाला इंदूबाईंचा राग उतरला. पंधराव्याला डब्यावरची बोटं सैल झाली. विसाव्याला त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर कलली, तोंड किंचित उघडलं, आणि ललितनं हळूच उठून कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

अडतिसाव्या मिनिटाला फोन वाजला. ललितनं खिसा चाचपला. पण तो फोन गेल्या वर्षीचा होता.

"हां... बोल व बाई." झोपेतला, जड आवाज. "नाही व, झोपलो कायले? कामातच होतो... हो, तोच चालू हाये... जेवली का तू?... मंग डबा नेत जाय ना घरून... आई बरी हाये, मले लय सांभाळते... तू ये ना आंबे हायेत तोवर... बरं. बरं, ठेव."

मधल्या रिकाम्या जागांमध्ये ज्योत्स्ना स्वतः होती. तिथे आपण काय बोललो होतो, हे ती आठवत राहिली. एवढंच आठवलं, की ऑफिसातला चहा येईपर्यंत वेळ होता म्हणून फोन केला होता. पडद्यावर रेघ संपली.

"ताई," ललित कुजबुजला, "रविवारी काय करू? अंतरा तं एकच हाये."

"एकावरच थांबव."

"लोक इचारतीन, पुढं काय म्हनून."

"विचारू दे. आणि हे मला असंच दे. साफ करू नकोस."

खुर्ची करकरली. इंदूबाईंनी डोळे उघडले, पदर सारखा केला आणि कुठे आहोत याचा अंदाज घेत दोघांकडे पाहिलं.

"झाला का व दुसरा अंतरा?"

"झाला."

"कसा हाये?"

"चांगला आहे, आई. मी आहे त्यात."

"पाय बरं! अन् मले ऐकूच नाही आला," इंदूबाई हळहळल्या. "ऐन टायमाले महा डोळा लागला."

"बाबांचाही लागला होता," ज्योत्स्ना म्हणाली.