चकाचक टेकडीवर कोणी राहत नाही

एका जंगलात, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, बगळेसाहेब टेकडी चढू लागले. सगळं तिथूनच सुरू झालं.

नीट बसा बाळांनो. नाकातलं बोट काढा. गोष्ट मोठी नाही, पण मध्येच उठलात तर काही समजायचं नाही.

तर ही टेकडी तळ्याच्या काठाला होती. तिच्यात बिळंच बिळं. साळिंदरं, मुंगसं, घोरपडी असे साधे लोक तिथं राहत होते. पाणी जवळ, कंदमुळं जवळ, शेजारीण हाकेवर. आणखी काय लागतं?

सिंहमहाराजांना मात्र आणखी लागत होतं. त्यांनी फर्मान काढलं, टेकडीचं नवनिर्माण होणार. वर राजहंसांचे बंगले होणार, कारण तिथून तळं छान दिसतं. फर्मानात एक चांगली गोष्टही होती. ज्या बिळात कोणी राहत असेल, त्याला पायथ्याशी नवं बीळ मिळणार. रिकामी बिळं बुजवणार. कोणतं बीळ रिकामं, ते पाहायला दरबाराचे बगळेसाहेब घरोघर येणार. आणि रिकाम्या बिळातून कोणी निघालंच, तर त्याला दगडखाणीत जागा.

रिकाम्या बिळातून निघणार कोण, असं तुम्ही विचाराल. महाराजांना तसं कोणी विचारलं नाही.

टेकडीच्या मध्यावर चंपा साळिंदरीण राहायची. तिचा धाकटा गुंड्या छातीचा नाजूक. जरा धूळ गेली की रात्रभर त्याची छाती वाजायची. दगडखाणीचं नाव निघालं की चंपा त्याला जवळ ओढून घ्यायची.

"अगं, तुला कसली भीती?" शेजारची घोरपडआत्या म्हणाली. "तू तर राहतेसच ना इथं?"

"राहतेय हो आत्या. पण साहेब घरात येणार म्हणजे..."

म्हणजे काय, ते तुमच्या आईला विचारा. पाहुणा यायचा म्हटलं की ती जे करते, तेच चंपाने केलं. पहाटे उठून बीळ झाडलं, सारवलं. पोरांनी अर्धे कुरतडलेले कंद कपारीत कोंबले. गवताची ओली अंथरुणं मागच्या झुडपात लपवली. झोपलेल्या नवऱ्याला उठवून पोरांसकट तळ्यावर पिटाळलं. "साहेब जाईपर्यंत तोंड दाखवाल तर बघा!"

सगळ्या टेकडीने हेच केलं. एकट्या घोरपडआत्याने केलं नाही. तिचं शेपूट दुखत होतं. शेपूट दुखत नसतं तरी केलं नसतं, असं शेजारणी म्हणाल्या.

बगळेसाहेबांनी एक पाय उचलला आणि लांब मान चंपाच्या बिळात घातली. आत चकाचक. दारात रांगोळी. बाजूला चंपा काटे खाली पाडून अदबीने उभी.

"इथं कोणी राहतं का?"

मोठ्या माणसापुढे तोंड उघडायचं नाही, हे चंपाला लहानपणीच शिकवलेलं. ती नुसती हसली. हातात झाडू तसाच.

"झाडायला बाई येते वाटतं," साहेब पुटपुटले. "बीळ रिकामं." आणि दारावर चुन्याची फुली मारली.

अशा फुल्या मारत मारत साहेब घोरपडआत्याकडे पोचले. पाऊल टाकलं ते सालपटावरून घसरले. आत सासूसुनेचं जुंपलेलं. एक नातू साहेबांच्या पायाला लोंबकळला, तो सोडेना. साहेबांनी कसाबसा दारावर गोल काढला आणि पळाले.

टेकडीला भारी आनंद झाला. बायकांनी फुल्यांना हळदकुंकू वाहिलं. घोरपडआत्याला म्हणाल्या, "तुला नुसताच भोपळा मिळाला गं!"

संध्याकाळी पोपटमास्तर आले. वस्त्यावस्त्यांत जाऊन लोकांना त्यांचे हक्क समजावणं हे त्यांचं काम. फुल्यांवरचं कुंकू पाहून त्यांनी कपाळावर पंख मारून घेतला.

"अहो, फुली म्हणजे रिकामं! गोल म्हणजे राहतं!"

"म्हणजे मी इथं राहत नाही?" चंपा म्हणाली. "मग गुंड्या काय हवेत झाला?"

दुसऱ्या दिवशी सगळे महाराजांकडे गेले. एकेकाने बोलायचं, ओरडायचं नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं.

"महाराज, आम्ही टेकडीवर राहतो."

"फुलीच्या बिळातले का?"

"हो."

"मग तुम्ही राहत नाही," महाराज मायेने म्हणाले. "आणि जे राहतच नाहीत त्यांची गाऱ्हाणी मी ऐकत बसलो, तर जे राहतात त्यांच्यावर अन्याय नाही का होणार?"

मास्तरांनी पुन्हा पाहणीची मागणी लावून धरली. तीच तीच, तीच तीच, पोपटच तो. महाराजांची जेवणाची वेळ झाली होती. "बरं बाबा, उद्या येतील बगळे. जा आता!"

टेकडीवर परतल्यावर मास्तर म्हणाले, "उद्या छाप चांगली पडली पाहिजे." झालं, सगळ्यांनी झाडू उचलले. चंपानेही उचलला. तेवढ्यात घोरपडआत्याच्या घरातून सून ओरडली आणि एक करवंटी बाहेर आली. चंपाने मान वळवून पाहिलं. दारावर तो गोल.

तिने झाडू झुडपात भिरकावला.

"कोणी झाडायचं नाही! अंथरुणं बाहेर काढा. पोरं घरातच ठेवा."

"बाई बाई! लोक काय म्हणतील?" मुंगसीणवहिनी म्हणाली.

"म्हणतील, इथं लोक राहतात. तेच पाहिजे ना आपल्याला?"

"पण शिस्त..." मास्तर म्हणाले.

"मास्तर, पोरं किती तुम्हाला?"

"माझं अजून लग्न..."

"मग गप बसा."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दारात ओली अंथरुणं, आत खरकटं, आणि पोरांचा तो गलका. चंपा पुढे झाली. या वेळी तिने तोंड उघडलं. "मी इथं राहते साहेब. हा माझा नवरा, झोपलाय. ही पाच पोरं. हा कोपरा गळतो. बसा ना, तिथं नको, तिथं शी केलीय."

"आई, नाक कुठं पुसू?" गुंड्याने विचारलं.

चंपाने साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र पंखांकडे पाहिलं. तिने नाही म्हटलं नाही.

"राहतात! राहतात! फारच राहतात!" साहेब ओरडत सुटले. त्यांनी बिळांवर गोल काढले, दगडांवर काढले, एक मास्तरांच्या पाठीवरही काढला.

टेकडीला पायथ्याशी बिळं मिळाली. गुंड्याची छाती आता वाजत नाही.

फक्त मुंगसीणवहिनीला राहवलं नाही. साहेब यायच्या जरा आधी तिने हळूच बीळ झाडलं, पोरं मागच्या वाटेने काढून दिली आणि दारात ठिपक्यांची रांगोळी घातली. तिला पुन्हा फुली मिळाली. आता ती दगडखाणीत असते. दिवसभर धूळ झाडते. तिच्यासाठी मास्तर अजून महाराजांकडे खेपा घालतात.

तात्पर्य: स्वच्छता ही चांगली सवय आहे, पण ती घर हातात आल्यावर लावून घ्यावी. आणि मोठ्यांपुढे गप्प बसावं, हे ज्यांनी आपल्याला शिकवलं, त्यांची घरं कोणी मोजायला येत नव्हतं.

ओढ्यापलीकडच्या वस्तीत सोमवारी चुना येणार आहे म्हणे. तिथं तुमची मावशी, मामी, कोणी असेल तर आजच जाऊन सांगा. पसारा असू दे, पोरं घरात असू देत, आणि साहेबांनी विचारलं की नुसतं हसू नका, बोला. आणि तिलाही म्हणावं, तुझ्या शेजारणीला सांग.