चंद्राच्या दगडावर रुमाल

शुभामावशीला चंद्राच्या दगडाला हात लावायचा होता, आणि अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या प्रसन्नने ही जबाबदारी अधिकृतपणे स्वीकारली होती. मावशीने नागपूरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला आणि चंद्राचा दगड म्हणून पोरांना विटेचा तुकडा दाखवला. त्या विटेची तिला अजून लाज वाटे. आता ती सकाळी विमानातून उतरणार आणि संध्याकाळच्या विमानाने कॅरी गावी लेकीकडे जाणार. मधल्या वेळात संग्रहालय. तिथे खरा दगड होता आणि त्याला हातही लावू देत.

प्रवेश फुकट, पण वेळ घेऊन. अर्ध्या तासाचा स्लॉट, हुकला की हुकला. आणि विमान नक्की कधी उतरेल, हे वैमानिकालासुद्धा कोणी सांगितलं नसावं.

प्रसन्न आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. अनिश्चितता दिसली की त्याच्या अंगात येई. त्याने अकराचा स्लॉट घेतला. विमान लेट झालं तर म्हणून साडेअकराचा. कस्टम्सला रांग असली तर बाराचा. मावशीची लोणच्याची बरणी पकडली गेली तर साडेबाराचा. असं करत करत तो संग्रहालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत पोचला.

"अरे, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं चाललंय तुझं," त्याची बायको सुनेत्रा म्हणाली. "तेही प्रत्येक सीटवर!"

"फुकट आहेत ना? असू दे."

शिवाय प्रसन्न परोपकारी. ही युक्ती त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. ज्यांना त्या दिवशी जायचं होतं त्यांनी स्लॉट घेतले, ज्यांना जायचं की नाही ते ठरत नव्हतं त्यांनी दुप्पट घेतले. ग्रुपमधल्या राजेशला संग्रहालयाचं नाव काढलं तरी जांभई येते, म्हणून त्याने चारच घेतले.

त्या दिवशी विमान लेट झालं, कस्टम्सला रांग होती आणि बरणी पकडली गेली. नियोजन अचूक ठरल्याच्या आनंदात प्रसन्न मावशीला घेऊन दीडच्या सुमारास दारात पोचला. दीडचं तिकीट दाखवताच मशीनने लाल दिवा दाखवला.

"सर, तुम्ही अकराला आला नाहीत," दारावरची मुलगी अदबीने म्हणाली. "साडेअकरालाही नाही. बारालाही नाही."

"अहो, मी एकटा माणूस किती वेळा येणार?"

"तेच सिस्टिमला खटकलं, सर. तीन गैरहजेऱ्या झाल्या की पुढची तिकिटं आपोआप रद्द होतात. तुमची लगेच गेलीसुद्धा. हाउसफुल्ल आहे."

काचेतून आतलं दालन दिसत होतं. दगड होता, दगडाशेजारी पेंगणारा रखवालदार होता. तिसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात ग्रुपवर राजेश उगवला. "यार, अचानक दोन, अडीच, तीन, सगळे मिळाले! जाणार नाहीच, पण असू दे."

प्रसन्नने घाईघाईने लिहिलं, "मावशी दारात उभी आहे. कोणीतरी एक कॅन्सल करा, मी तिच्या नावाने घेतो. प्लीज!"

उत्तरं धडाधड आली. जोडलेले हात आले, बदाम आले, मावशींना हार्दिक शुभेच्छा आल्या. एकाने विचारलं, "पण कॅन्सल केल्यावर नेमकं आपल्यालाच जावंसं वाटलं तर?" या मुद्द्याला सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले.

"नाही मिळत का रे?" मावशीने विचारलं. प्रसन्नचं तोंड एवढंसं झालं.

मावशीने काचेवर हात ठेवला आणि दगडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग बाहेरच्या फुलझाडांच्या वाफ्यातून विटेचा एक तुकडा उचलला, झटकला आणि पर्समध्ये टाकला.

"असू दे बाप्पा," ती म्हणाली. "आता निदान अमेरिकेची वीट दाखवीन."

प्रसन्नला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत जाताना, पुढच्या महिन्यात, ती पुन्हा येणार आहे. त्या दिवशीचे सगळे स्लॉट आत्ताच भरलेत. हसताय काय? 'जमलं तर जाऊ' म्हणून तुम्हीही एक घेऊन ठेवलाय ना? तेवढा आपला रुमाल उचला.