वाटोबाचा मान

माणसाला सरळ "नाय जमनार" असं म्हणता आलं पाहिजे. मला ते येत नाही. शाळेत चौथीपर्यंत होतो. तिथेही गुरुजींनी गृहपाठ विचारला की मी "नाय केला" म्हणायचो नाही. शेजारी वारला, असं सांगायचो. (आमच्या तळवलीतले बरेच शेजारी मी असे मारले. त्यातले काही अजून ठणठणीत आहेत आणि मला ओळख देत नाहीत.)

तर आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर नंदकुमार म्हणून भाडेकरू राहतात. ऐरोलीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहेत. माणूस गुणी, बायको वैशाली त्याहून गुणी. घरात अंडंसुद्धा येत नाही. (तळवलीत राहून. पण मी त्यांना माफ केलंय.)

एका संध्याकाळी दोघं खाली आमच्या ओट्यावर आले आणि लॅपटॉप उघडून बसले. रोडच्या पलीकडचा आमचा डोंगर त्यात दिसत होता, वर निळी रेघ मारलेला. येत्या रविवारी जंगलातल्या वाटेनं टोकापर्यंत जायचं आणि संध्याकाळच्या आत खाली यायचं. पाणी कुठे प्यायचं, दम कुठे खायचा, फोटो कुठे काढायचे, सगळं ठरलेलं. एवढी तयारी आम्ही हळदीलाही करत नाही. (आणि आमची हळद म्हणजे काय, ते आमच्या डीजेशेजारी ज्यांनी रात्र काढलीय त्यांना विचारा.)

"काका, तुम्ही इथले," नंदकुमार म्हणाले. "गाईड म्हणून तुम्हीच पाहिजे."

"तुम्ही लहानपणी न्याहारीच्या आधी वर जाऊन यायचात ना?" वैशाली म्हणाली.

हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. खरं म्हणजे हा डोंगर मी रोज बघतो, पण संडासाच्या खिडकीतून.

आणि तो रविवार साधासुधा नव्हता. सोमवारी श्रावण लागणार होता. दर वर्षी त्या आधीच्या रविवारी जासईला, आमच्या लेकीच्या, रंजिताच्या सासरी, व्याही सुभाष बोकड कापतो. त्या एका पातेल्याची आठवण काढत मी वर्ष ढकलतो. कारण दुसऱ्या दिवसापासून महिनाभर आमच्या घरात भोपळा असतो.

तेव्हा मी ठरवलं, एक थाप मारायची. छोटीशी.

"येईन की," मी म्हटलं. "पन वाटोबाचा मान तुमाला जमनार नाय."

"वाटोबा कोण?"

"पायथ्याला पयल्या वळनावर दगड हाय. त्याला मान दिल्याबिगर वर गेला का तो वाट फिरवतो. मानूस चालतो चालतो नि परत खालीच येतो."

"आणि मान कसला?"

"सुक्या बोंबलाची माळ. गल्यात घालून न्यायची."

ह्यावर दोघं उठून जातील, अशी माझी खात्री होती. वैशालीला तर नुसत्या शब्दानं वास आला, तिनं पदर नाकाला लावला. पण शिकलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही. नंदकुमार गंभीर झाले. "स्थानिक परंपरेचा आदर केलाच पाहिजे," म्हणाले, आणि लॅपटॉपवरच्या सामानाच्या यादीत ग्लुकोजच्या खाली त्यांनी 'बोंबील' टाईप केलं.

"डब्यात पॅक करून नेले तर चालतील का?" वैशालीनं पदरातून विचारलं.

"वास देवापरत गेला पायजे," मी म्हटलं.

एवढ्यात माझी बायको गोजरा चहा घेऊन आली. मी तिला डोळा मारला. तिनं ट्रे ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "पायथ्याचा तो धाकटा वाटोबा. थोरला वर हाय, पार टोकाला."

काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं माझ्या थापेला पहिल्यांदा हात लावला होता.

"बरोबर," मी म्हटलं. "खरा मान थोरल्याचाच."

"नि मान नेनाऱ्यानं त्या दिवशी वशाट खायाचा नाय. मटन नाय, मासली नाय. दुसऱ्या दिवसाचा सूर्य बघेपरत."

"अजिबात नाय," मी मांडीवर थाप मारली. "खाल्ला तर वाचा जाते."

"मग प्रश्नच नाही," नंदकुमार खुलले. "आम्ही खातच नाही. मान मीच नेतो."

"तुमी कशाला?" गोजरा कपात चहा ओतत म्हणाली. "मान गावातल्या घरच्या कर्त्या पुरुषानं न्यायाचा. पयल्यापासून तसाच हाय. इचारा यांना."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "तसाच हाय."

ते वर गेल्यावर मी गोजराला गाठलं. "अगो, वाटोबा मी काढलेला हाय. थाप हाय ती."

"म्हायती हाय. मंग जा नि सांगा त्यांना."

"नि जासई?"

"जासईला मी जाईन ना. गेल्या साली जेवन झाल्यावर तुमी सुभाष याह्याला सांगितलाव, ह्या बोकडाला पिसाळलेला कुत्रा चावला व्हता. त्या बिचाऱ्यानं दंडात सुया टोचून घेतल्या. यंदा त्याला नीट जेवू दे."

सांगणार काय? तोवर वैशालीनं सांगलीला सासूबाईंना फोन करून परंपरा कळवली होती. आता थाप होती म्हटलं, तर मागच्या सगळ्या थापांची चौकशी लागली असती. गच्चीवरच्या टाकीपाशी बिबट्या येतो, असं सांगून मी वर्षभर गच्ची एकट्याला ठेवलीय. तीही गेली असती.

रविवारी सकाळी गोजरानं माझ्या गळ्यात बोंबलांची माळ घातली. तिनं स्वतः ओवली होती, आमच्या लग्नातल्या हारापेक्षा जास्त निगुतीनं. नाक्यावर एक पिवळा कुत्रा माझ्या मागे लागला आणि डोंगराला लागलो तरी सुटला नाही.

पुढे नंदकुमार, मोबाइलमधल्या निळ्या रेघेकडे बघत. मध्ये वैशाली, वाऱ्याची दिशा बघत. मागे गाईड. दर मोठ्या दगडाला नंदकुमार बूट काढायला वाकायचे. "काका, हाच का?" हो म्हणायचं अगदी जिभेवर यायचं. पण थोरला टोकावर बसवला होता ना गोजरानं.

पहिल्या चढाला त्यांनी माझी पिशवी घेतली. दुसऱ्याला आपल्या दोन्ही काठ्या मला दिल्या. तिसऱ्याला वैशाली नाक धरून मला मागून ढकलायला लागली.

"काका, न्याहारीच्या आधी चढायचात ना?"

"तवा डोंगर बारका व्हता."

टोकाला पोचल्यावर जो पहिला दगड बसण्यासारखा दिसला, त्यावर मी बसलो. मग दोघं हात जोडून उभी राहिलेली दिसली, तेव्हा उठलो आणि म्हटलं, "हाच."

माळ वाहिली. दोघांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले होते, म्हणून बघितलं: कुत्र्यानं अख्खी माळ दोरीसकट उचलली आणि दगडाआड नेली. नंदकुमारांनी डोळे उघडले. दगड रिकामा. त्यांच्या अंगावर काटा आला. हळूच म्हणाले, "स्वीकारला."

वैशालीनं मला राजगिऱ्याचा लाडू दिला. तेवढ्यात जासईहून गोजराचा फोन.

"पोचलाव? बरा झाला. हयं वजरी पन केलीय."

संध्याकाळी मी ओट्यावर पाय पसरून पडलो होतो, कुत्रा खाली. गोजरा रिक्षातून उतरली, हातात स्टीलचा डबा. "याह्यानं दिलाय, खास तुमच्यासाठी." मी झाकण उघडलं. वाटणाचा तो वास नाकात गेला आणि दुखणारे गुडघे माझे राहिलेच नाहीत.

पहिला तुकडा उचलला, तेवढ्यात जिन्यावरून नंदकुमार आणि वैशाली आली, माझ्यासाठी बाम घेऊन. दोघं समोर बसली. भक्तिभावानं.

"काका," वैशाली काळजीनं म्हणाली, "आज नाही ना चालत? वाचा जाते म्हणालात."

मी तुकडा ठेवला. झाकण लावलं.

"उद्या तर श्रावन," गोजरा म्हणाली. "वाया कशाला घालवायचा?" आणि डबा तिनं कुत्र्यापुढे उपडा केला. "ह्यानं वाटोबाचा परसाद खाल्लाय, ह्याला दोष नाय."

कुत्र्यानं हाडं फोडायला घेतली. नंदकुमार मोबाइलवर काहीतरी करत होते. "काका, पुढच्या वर्षीचा मान आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवला. श्रावणाआधीचा रविवार. दर वर्षी आपोआप आठवण येईल. मान नेणारे तुम्हीच ना?"

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. मटण न खाताच माझी वाचा गेली होती.