एका फेरीपुरते पहिले

गुलाबतात्या मोटारीला पाणी पाजताना शीळ घालत. बैल पाण्याला तोंड लावतो तेव्हा शेतकरी हळू शीळ घालतो, म्हणजे बैल निवांत, पोटभर पितो, हे आमच्या सणसरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तात्या रेडिएटरमध्ये कळशी ओतताना तश्शीच शीळ घालत आणि पाणी भसाभस खाली सांडेपर्यंत थांबत नसत. मी एकदा फिस्सकन हसलो. तात्या डोळे वटारून म्हणाले, "मास्तर, हसू नगा. बुजंल ती."

'ती' म्हणजे लालभडक, बिनटपाची, दोन माणसांची स्पोर्ट्स मोटार. साखर कारखान्यातला एक इंग्रज इंजिनियर तात्यांच्या मळ्यातल्या पेरूंवर फार खूश होता. स्वातंत्र्यानंतर मायदेशी जाताना तो ती तात्यांच्या गळ्यात मारून गेला. लोक तेव्हा ट्रॅक्टर घेण्याच्या गोष्टी करत होते. या मोटारीत ना ऊस मावे, ना खताचं पोतं. पण पोळ्याला तिच्या मडगार्डवर गेरूचे ठिपके उठत, दिव्यांना बेगड लागे आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवली जाई. पोळी कुत्री खात. तात्यांचं म्हणणं, वास तर तिनं घेतला ना!

तात्यांचं पालुपद एकच. मोटारीचं कुणी कौतुक करो की कुचेष्टा, तात्या मिशीवर हात फिरवत म्हणत, "हिला जोडी लागत न्हाय!"

हा टोला कुणाला, ते साऱ्या इंदापूर तालुक्याला माहीत होतं. अंथुर्ण्याच्या दत्तोबाला. तात्या आणि दत्तोबा यांचा जुना पैरा. याचा एक बैल, त्याचा एक बैल, दोघांची मिळून जोडी. नांगरटही तिच्यावर आणि शर्यतही तिच्यावर. तात्यांचा हरण्या, दत्तोबाचा पाखऱ्या. वरकुट्याच्या जत्रेत ही जोडी दर साली पळायची आणि दर साली दुसरी यायची. शेवटी एकदा भर मैदानात तात्या कडाडले, "तुजा पाखऱ्या शेवटाला दम टाकतो!" दत्तोबा म्हणाला, "तुजा हरण्याच जू वढून धरतो!" तिथंच पैरा मोडला. दोघं आपापला बैल घेऊन एकाच रस्त्यानं परतले, एक पुढं, एक मागं. त्यानंतर बोलणं नाही, येणंजाणं नाही. पुढं बैल म्हातारे होऊन गेले, तात्यांची बायको गेली, मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली. भांडण तेवढं धडधाकट राहिलं.

त्यामुळं मी इंग्रजी पेपरात वाचलेली बातमी तात्यांना सांगितली आणि भडका उडाला. पुण्याबाहेर, लढाईच्या काळातल्या विमानांच्या धावपट्टीवर, स्पोर्ट्स मोटारींची शर्यत होणार होती. साधीसुधी नाही, साऱ्या देशाचं अजिंक्यपद!

"मास्तर, आपलं नाव घाला," तात्या ताडकन उठले. "एकदा पयला येतो. म्हंजी कळंल त्याला, दुसरा नंबर कुणाच्या बैलामुळं येत हुता!"

मग काय विचारता! महिनाभर बारामती-इंदापूर रस्त्यावर धुरळा. सणसरचे लोक मोटारीचा आवाज आला की कोंबड्या घरात घेत. वळणावर तात्या "हौ, हौ" करत चाक फिरवत आणि चढाला मोटारीच्या अंगावर थापा मारत. शेजारी बसून मी रामरक्षा म्हणत असे.

शर्यतीच्या दिवशी धावपट्टीवर ही गर्दी! मुंबई-कलकत्त्याच्या बसक्या, चकचकीत मोटारी, काळे चष्मे लावलेले साहेब. त्यांच्यात आमचे तात्या, धोतर आणि फेट्यात. डोक्यावर लोखंडी टोप घालायलाच हवा, असा नियम निघाला. तात्या म्हणाले, "फेटा उतरवीन तो मयताला." बरीच घासाघीस झाली. अखेर फेटा मी सांभाळायचा आणि दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, या अटीवर तात्यांनी टोप घातला. एका साहेबानं पंधरा फेऱ्यांचे नियम समजावले, मी मराठीत सांगितले. तात्या "व्हय, व्हय" करत होते, पण डोळे होते समोरच्या झेंड्यावर.

शर्यतीची सुरुवात अशी, की मोटारी एका कडेला उभ्या आणि चालक समोरच्या कडेला. खूण झाली की पळत जाऊन मोटारीत बसायचं. तात्यांनी काचा मारला. खूण झाली! साहेब लोक पळाले, दारं उघडू लागले, वाकून आत शिरू लागले. तात्यांनी पळत्या बैलगाडीवर उड्या टाकण्यात जन्म घालवलेला! त्यांनी दारावरून थेट आत झेप घेतली आणि पहिल्याच दणक्याला इंजिन गरजलं. बाकीच्यांचे पाय अजून बाहेर लोंबत होते, तोवर लाल मोटार सुटलीसुद्धा!

मी बेभान झालो. मास्तरकी विसरून एका पेटीवर चढलो आणि फेटा गरागरा फिरवत ओरडू लागलो, "तात्या, सोडा कासरा! सोडा!" पहिल्या वळणावर तात्या पुढं. लांब पट्टीवर एक हिरवी मोटार अगदी शेपटाला लागली, तरी तात्या पुढं. शेवटच्या वळणाला त्यांची मोटार गवताच्या पेंढ्या उडवत आडवी झाली, सावरली आणि सगळ्यांच्या आधी झेंड्यापाशी आली. आणि थांबली!

तात्या उडी मारून उतरले. कनवटीचा गुलाल काढला, बॉनेटवर उधळला, दंडवत घातला. शेजारून सगळ्या मोटारी सूं-सूं करत निघून गेल्या.

"तात्या, अहो, चौदा फेऱ्या राहिल्यात!" मी घसा फोडला.

"निशान शिवलं की! आता कसल्या फेऱ्या?"

बैलांच्या शर्यतीत निशाण आलं की निकाल लागतो. सारं आयुष्य निशाणापाशी दुसरं पोचणाऱ्या माणसानं आज ते सगळ्यांआधी गाठलं होतं. मग त्याला पुढचं काय दिसणार? पंच धावत आले, लोक हसून लोळले. तात्यांनी एकदा मागं वळून गर्दीकडं पाहिलं. उगीच इकडंतिकडं पाहत राहिले. मग मुकाट्यानं मोटारीत बसले आणि उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. जोरात केल्या, चांगल्या केल्या. नंबर शेवटून तिसरा.

परतताना बारामतीपर्यंत तात्यांनी चढालाही मोटारीच्या अंगावर थाप मारली नाही. मला वाटलं, हसं झालं म्हणून मनाला लागलंय. बारामती मागं पडली तेव्हा म्हणाले, "मास्तर, गुलाल उधळला आन् मागं बघितलं. 'माज्या बैलामुळं पयला आलास' म्हनाय तितं कुणीच न्हवतं वो."

सणसर आलं. तात्यांनी मोटार वळवली नाही. तिला सरळ दामटत ते अंथुर्ण्याला गेले.

दत्तोबा वांग्यांना पाणी देत होता. त्यानं मान वर केली. तात्या बांधावर उभे राहिले. फावडं हातात धरून दत्तोबाही उभा.

"एक फेरी पयला हुतो," शेवटी तात्या म्हणाले.

"आन् मग?"

"मग थांबलो."

दत्तोबानं फावडं टाकलं. "म्हंजी एका फेरीत दम टाकलास! दम तुजाच तुटत हुता की रं! आन् इतकी वर्सं नाव माज्या पाखऱ्याचं?"

"तुज्या पाखऱ्यानंच घात केला हुता!" तात्या गरजले. चेहरा उजळला होता त्यांचा.

"हरण्यानं!"

"पाखऱ्यानं!"

पाटाचं पाणी वाफा फोडून रस्त्यावर आलं तरी दोघांना शुद्ध नव्हती. आरडाओरडा ऐकून दत्तोबाची बायको बाहेर आली आणि दारातच थबकली. मी म्हणालो, "वहिनी, आवरा त्यांना."

"नगा आवरू," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "लई वर्सांनी भांडत्यात. बसा मास्तर, च्या टाकते."